खिडकीला खिडकी लावून झालेला तह

सर, परवा तुमच्या मुलीचा फोन आला होता. तुम्ही असता तर हे पहिलंच वाक्य वाचून कागद फाडला असता, म्हणून मुद्दाम तेच आधी लिहिलं. आता काय फाडणार? तुम्हाला जाऊन साडेसात वर्षं झाली. वसईच्या मातीत आहात, छातीवर दगड आहे, दगडावर 'प्रिय पिता व आदर्श शिक्षक' असं कोरलंय. मी बघून आलोय. फुलं नेली नव्हती.

तिने एकच गोष्ट मागितली. म्हणाली, "तुझ्या पप्पांना एकदा विचार, त्या शुक्रवारी त्यांनी का सांगितलं. मला राग नाही रे आता. फक्त कारण हवंय." येत्या शुक्रवारी ती परत फोन करणार आहे. आज रविवार. मी इथे आखातात, सोहारला पोलादाच्या कारखान्यात क्रेनखाली साखळ्या अडकवतो. तुमच्या आवडत्या विद्यार्थ्याचं हे झालं, बघा. जुलै आहे, दुपारी साडेबारा ते साडेतीन उन्हामुळे बाहेरचं काम बंद असतं. बाकीचे कंटेनरमध्ये एसीखाली आडवे झालेत आणि मी तपासणीच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला तुम्हाला लिहितोय. तिला काय सांगायचं ते ठरत नाहीये. म्हणून आधी तुमच्याशी भांडून घेतो.

मी आठवीत होतो तेव्हा तुम्ही मला शुक्रवारी चर्चमधल्या मिस्सानंतर घरी बोलवायला लागलात. मस्कतमधल्या रुवीतला तुमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली साडीचं दुकान, किचनमध्येच जेवणाचं टेबल, टेबलाच्या वर भिंतीवर क्रूस. फी घेतली नाहीत कधी. "कुकच्या मुलाकडून काय फी घ्यायची," असं पप्पांना तोंडावर म्हणालात आणि पप्पा हसले. हॉटेलात पाहुण्यांपुढे हसतात तसंच. ती एका इयत्तेने माझ्या मागे. केस कधी विंचरलेले नसायचे, म्हणून तुम्ही तिला हूण म्हणायचात. मला काहीच म्हणायचा नाहीत, तो दिवस येईपर्यंत.

पुस्तकात हूणांवर दोनच ओळी होत्या. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि आम्हाला म्हणालात, खुर्च्या उलट्या करा. पाठीकडे तोंड करून, पाय दोन्हीकडे टाकून बसा. हे घोडे. "तू हूण. तू रोम." डॅन्यूब नदीच्या काठी एका शहराबाहेर रोमचे वकील तह करायला गेले, तर हूण घोड्यावरून उतरेचनात. जमिनीवर उभं राहून बोलणं त्यांना कमीपणाचं. मग रोमवाल्यांना वाटलं, आपण खाली उभे आणि हे वर, हे कसं दिसेल? म्हणून तेही घोड्यावरच बसून राहिले. दोन्हीकडून घोड्यावर बसल्या बसल्या तह झाला. तुम्ही टेबलाभोवती फिरत एकेक कलम सांगत होतात. सोनं दुप्पट द्यायचं. नदीवरचे बाजार दोघांना सारखे खुले. हूणांच्या शत्रूशी रोमने मैत्री करायची नाही. आणि शेवटी थांबलात. "हूणांकडून पळून जो कोणी रोमच्या आसऱ्याला आला असेल, त्याला परत द्यायचं."

"का?" मी विचारलं.

"कारण त्यांनी मागितलं."

मग तुम्ही बशीतले दोन खजूर उचललेत. म्हणालात, ही दोन मुलं. हूणांच्या राजघराण्यातली. जिवाला भिऊन रोमकडे पळून आलेली. तहाप्रमाणे रोमने ती थ्रेसमधल्या एका किल्ल्यावर हूणांच्या ताब्यात दिली. हूणांनी ती घरी नेलीसुद्धा नाहीत. तिथेच, ज्यांनी दिली त्यांच्या डोळ्यांदेखत... आणि तुम्ही दोन दात कोरायच्या काड्या घेऊन खजुरांत खुपसल्यात आणि दोन्ही काड्या पावाच्या तुकड्यात उभ्या केल्यात. "सूळ म्हणा, क्रूस म्हणा."

ती वर बघून म्हणाली, "पप्पा, येशू बघतोय."

"त्याला माहितीय," तुम्ही म्हणालात आणि एक खजूर खाल्लात.

ती खुर्चीवरून उतरली. "मला नकोत ही मुलं. मी नाही परत घेत. घेऊन जा तुझी तुला," असं मला म्हणाली आणि दुसरा खजूर काडीवरून काढून माझ्या हातात ठेवला. तुम्ही टाळी वाजवलीत. "उतरलीस! घोड्यावरून उतरला तो हरला. रोम जिंकला." मी जिंकलो होतो सर. तेरा वर्षांचा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जिंकलो होतो. हातात तो चिकट खजूर धरून खुर्चीवर बसलो होतो आणि ती मोरीपाशी पाठ करून हात धुत होती.

नंतर तुम्ही विचारलंत, रोमची चूक कुठे झाली? घरात तिघंच होतो तरी मी हात वर केला. तुम्हाला उत्तर असंच लागायचं, हात वर करून, नाहीतर तुम्ही ऐकायचा नाहीत. मी म्हणालो, सर, मुलं परत दिली ही चूक. तुम्ही म्हणालात, "गाढवा, देण्यावाचून इलाज नव्हता. द्यायच्या आधी बदल्यात काय हवं ते मागून, लिहून घेतलं नाही, ही चूक." हे मी वहीत लिहिलं. खाली रेघ मारली. वाचणारे हसतील, पण माझ्या आयुष्याचं वाटोळं त्या एका रेघेने केलंय.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही पुढचं सांगितलंत. की तह करून काही वर्षं गेली आणि हूण भर बाजारात कापाकापी करत घुसले. विचारलं, का, तर म्हणे तुमचा बिशप नदी ओलांडून आला आणि त्याने आमच्या राजांची थडगी लुटली, त्याला आमच्या हवाली करा. लुटली की नाही देव जाणे. पण लोक म्हणायला लागले, एका माणसासाठी सगळं शहर का मरायचं, देऊन टाका बिशपला. बिशपने ते ऐकलं, गुपचूप हूणांकडे गेला आणि सौदा केला. शहराचा दरवाजा त्यानेच आतून उघडला. आंटी भाकऱ्या भाजत होत्या, त्या वळून म्हणाल्या, "अहो, मुलांना बिशपबद्दल काय सांगता!" आणि ती इतकी हसली की तिला उचकी लागली. तेव्हापासून ती मला रोम म्हणते. परवाच्या फोनवरसुद्धा, "रोम, ऐकू येतंय का?" सत्तावीस वर्षांचा झालो. खरं नाव घेऊन तिने मला एकदाही हाक मारलेली नाही.

तुमचा मार आठवत नाही, मारायचा नाहीत. एका पोराने माझ्या पप्पांना बावर्ची म्हटलं म्हणून मी त्याच्या डोक्यात स्टीलचा डबा घातला होता. त्या शुक्रवारी तुम्ही मला गॅलरीत उभं केलंत, भर दुपारी. दार आतून लावलंत. खाली टॅक्सीवाले "मत्रा, मत्रा" ओरडत होते, लोखंडी कठड्याला हात लावता येत नव्हता. काचेपलीकडून तुम्ही म्हणालात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "राग तुला परवडणार नाही. तुझा बाप दुसऱ्याच्या किचनमध्ये उभा आहे, हे लक्षात ठेव." अर्ध्या तासाने तिने दार उघडलं. बर्फाचं पाणी आणलं होतं. "रोम, वितळलास?" म्हणाली. मी तिच्यावरच खेकसलो. ग्लास मात्र तिने माझ्या हातात नीट दिला. सुटू नये म्हणून तिने खालून आधार दिला होता. माझ्या बाजूने म्हणाल तर तिथूनच सुरू झालं. तुम्ही काचेच्या आत पेपर तपासत होता.

दहावीला मला इतिहासात शाळेत सगळ्यात जास्त मार्क पडले तेव्हा तुम्ही तुमचा स्वतःचा नकाशांचा जाडजूड अॅटलास दिलात. आतल्या पानावर लाल पेनाने 'रोमला' एवढंच लिहिलंत. पप्पांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला. घरी कोणी आलं की काढून दाखवायचे. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात अल अमेरातला वादी, एरवी कोरडी पडलेली नदी, भरून वाहिली, आमच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. मम्मी गॅस सिलेंडरच्या मागे धावली आणि पप्पांनी पहिल्यांदा तो अॅटलास उचलून पंख्याला बांधला. मी म्हणालो, वाहून जाऊ दे की. म्हणाले, "सरांनी दिलाय." त्या माणसाने तुमची कधी निंदा केली नाही हो. एवढं झालं तरी नाही. मला त्याचा सगळ्यात जास्त राग येतो.

आता तो शुक्रवार.

मी तिकडे देशात इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीला घरी आलो होतो. तिची बारावी झाली होती. तिला नर्सिंग करायचं होतं आणि तुम्ही जहाजावरचा एक मुलगा ठरवत होता. तो आणि त्याची आई मस्कतला त्यांच्या नातेवाइकांकडे आले होते, मुलगी बघायला. गुरुवारी दुपारी ती टॅक्सी करून आमच्या घरी आली. एक पिशवी, त्यात दोन ड्रेस आणि बारावीची मार्कशीट. मम्मी कोळंबी सोलत होती. तिने वर बघितलं, सगळं समजली आणि म्हणाली, "बस. कांदे चिरायला घे." ती बसली आणि चिरायला लागली. डोळे पुसत, नाक ओढत म्हणाली, "आंटी, शनिवारपर्यंत ठेवा मला. शनिवारी सकाळच्या विमानाने ते परत जातायत. मी दिसले नाही तर विषय संपला. त्याची आई म्हणालीय, बघितल्याशिवाय होकार नाही, आणि त्याला दुसरी दोन स्थळं आहेत." पप्पा कामावरून आले. त्यांनी ऐकून घेतलं, शर्ट काढून खुंटीला लावला, म्हणाले, "शनिवार म्हणजे परवाच ना? राहील. जेवलीस का गं?" बस. एवढाच विचार केला माझ्या बापाने. तुमच्यासारखा इतिहास शिकला नव्हता.

त्या रात्री ती मम्मीजवळ झोपली. सकाळी चहा पिताना माझ्याकडे बघून म्हणाली, "मला परत दिलंस तर बघ हं, रोम. खजूर आठवतात ना?" आणि हसली. मीही हसलो. माझ्या घरात, आमच्या कपात, ती चहा पीत होती.

अकराच्या सुमाराला तुमच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा. पप्पा बनियनवरच बाहेर गेले. तुम्ही काच खाली केलीत, इंजिन चालू, एसी चालू. "सर, उतरा ना, चहा ठेवलाय." "नको. इथूनच बोलतो." पप्पा वाकून तुमच्या खिडकीशी उभे राहिले, ऑर्डर घ्यायला उभे राहतात तसे, हात मागे बांधून. मी दारातून बघत होतो आणि माझं डोकं फिरलं. राग परवडत नाही म्हणे! मी बाहेर आलो आणि म्हणालो, "पप्पा, वाकू नका. गाडी काढा."

"कुठे जायचंय?"

"कुठे नाही. त्यांच्या बाजूला लावा."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग तुमच्याकडे. तुमच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, मी बघितलं. तुम्हाला लगेच कळलं मी काय करतोय ते. पप्पांना काही कळलं नाही. त्यांना फक्त एवढं दिसलं की मुलगा चिडलाय. ते आत गेले, शर्ट घातला, किल्ली घेतली आणि आमची जुनी गाडी उलट्या तोंडाने आणून तुमच्या गाडीला लावली, खिडकीला खिडकी, मध्ये हातभर जागा. मी मागच्या सीटवर बसलो. इथे रस्त्यात कुठेही दोन माणसं अशी गाड्या थांबवून बोलतात, सलाम करतात, बायकापोरांची चौकशी करतात. आमच्या घरमालकाला वाटलं आमची बॅटरी गेली. तो अर्बाब पांढरा झगा सावरत तारांचं भेंडोळं घेऊन आला. "क्या मुश्किल? बॅटरी खलास?" पप्पा म्हणाले, "नो मुश्किल अर्बाब, सिर्फ बात." तो बिचारा तारा हातात धरून उन्हात तसाच उभा राहिला. कदाचित पुढे लागतील म्हणून.

ती आत आहे, हे कबूल झालं. मग मी सगळं हातात घेतलं. द्यायच्या आधी मागायचं, लिहून घ्यायचं! गाडीत चर्चचं त्या आठवड्याचं पत्रक पडलं होतं. त्याच्या कोऱ्या बाजूला मी कलमं लिहिली. एक, दोन वर्षं तिच्यासाठी स्थळ बघायचं नाही. दोन, तिला नर्सिंगला घालायचं. तीन, तिला एका शब्दाने बोलायचं नाही. चार, मी परत जाऊन डिग्री पूर्ण करेन, तोपर्यंत तिला पत्र नाही, फोन नाही. पाच, चर्चमध्ये कोणी कोणाजवळ काही बोलायचं नाही. मला वाटत होतं, शनिवारपर्यंतची लपाछपी कुठे आणि दोन वर्षांचा तह कुठे! मी तिला दोन वर्षं मिळवून देत होतो. पप्पा एकदाच हळूच म्हणाले, "बाबा, तिला तरी विचारून ये." मी म्हणालो, "तुम्हाला यातलं कळत नाही." खिडकीतून कागद तुमच्याकडे दिला. तुम्ही खिशातलं लाल पेन काढलंत, पेपर तपासता तसं वाचलंत, 'बोलायचं नाही' च्या पुढे 'वा मारायचं नाही' असं स्वतःहून घातलंत आणि सही केलीत. "शाब्बास," म्हणालात. मी त्या शब्दावर आजही थुंकतो. आणि त्या क्षणी अंगावरून मोरपीस फिरलं होतं, हेही खरं आहे.

मम्मीने तिला कांदे चिरता चिरता उठवून बाहेर आणलं. हातात पिशवी. ती रडत नव्हती. दोन गाड्यांच्या मध्ये जायला जागा नव्हती, म्हणून तिला अर्बाबला वळसा घालून, गाडीच्या पुढून तुमच्या बाजूला जावं लागलं. जाताना ती माझ्या खिडकीशी थांबली. मला वाटलं, सांगतो तिला, कलमं वाचून दाखवतो. ती म्हणाली, "तू गाडीतून उतरलासुद्धा नाहीस."

मी नाही उतरलो सर. घोड्यावरून उतरला तो हरला. दाराच्या कडीवर हात होता माझा. पण तुम्ही बघत होता आणि तुम्ही आधी उतरल्याशिवाय मी उतरणार नव्हतो. तुमची गाडी गेली. अर्बाबने विचारलं, "खलास?" पप्पा म्हणाले, "खलास," आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. मम्मी दारातूनच आत वळली. तिने त्या दिवशी मला जेवायला वाढलं नाही. चिरलेला कांदा तसाच ताटात काळा पडला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते माझ्या तोंडून कधी ऐकलं नाहीत. मी पुढच्याच आठवड्यात परत गेलो. ऑगस्टमध्ये मला राहवलं नाही, तिच्या वाढदिवसाला एक पान लिहिलं. फक्त एक पान. ते तुम्ही पाकिटात घालून परत पाठवलंत. वर लाल पेनाने, 'कलम चौथे मोडले. तह रद्द.' खाली तारीख. काय अक्षर होतं तुमचं! एकही काना वाकडा नाही. तेव्हा मला वाटलं माझीच चूक, मीच मोडला. चार महिने मी आरशात बघत नव्हतो. नाताळनंतरच्या रविवारी वसईला तिचं लग्न लागलं. मी चर्चच्या फाटकाशी गेलो, आरडाओरडा केला, तुमच्या पुतण्यांनी मला मागच्या केळीत नेऊन मारलं. पुढचा दात तेव्हाचाच गेला. तुम्ही पायऱ्यांवर सूट घालून उभे होतात, पाहुण्यांशी हात मिळवत. कॉलेजला मी एक दिवस गेलो नाही, मग दुसऱ्या दिवशी गेलो नाही, मग कोणी विचारलं नाही. जानेवारीत तुम्ही मस्कतला शाळेच्या जिन्यात, काखेत जगाच्या नकाशाची गुंडाळी घेऊन पडलात. पेटी विमानाने आली. मी मयतीला आलो होतो, शेवटच्या रांगेत होतो. सहा जणांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं आणि माझ्या मनात आलं, शेवटपर्यंत उतरला नाही हा माणूस. मला हसू आलं. एका बाईने वळून बघितलं. मी तोंडावर रुमाल धरला, तिला वाटलं रडतोय.

मग गेल्या वर्षी वसईच्या मासळी बाजारात ती भेटली. मुलगी बरोबर होती, पाच वर्षांची, केस विंचरलेले. ती वाळली आहे सर. तिच्या डाव्या हाताचं मनगट सरळ होत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "पडले." पापलेटाचे कल्ले उघडून बघत म्हणाली, "जहाजावरून घरी येतो तेव्हाच पडते मी. बाकीचे नऊ महिने नाही पडत." आणि हसली, तीच उचकी लागायची ते हसू. तुम्ही तिला कुठे दिलीत ते तुम्हाला बघायचं नव्हतं, म्हणून घाईने मेलात. त्या रोमवाल्यांना निदान बघावं तरी लागलं.

मी तहाचं बोललो. कलम चौथं मी मोडलं, माफ कर, म्हणालो. तिला कळेचना. "कसलं कलम? पप्पांनी त्याच संध्याकाळी मला दाखवलं त्यांना. शुक्रवारीच. माझ्या हातांना कांद्याचा वास येत होता, त्याच्या आईने नाकाला पदर लावला. रविवारी होकार आला." म्हणजे माझं पत्र तिकडे पोचायच्या दोन महिने आधीच तुम्ही तह मोडून बसला होता, आणि वर लाल पेनाने माझी चूक काढलीत. बिशपने थडगी लुटली म्हणे! मला तिथे मासळीच्या चिखलात उभ्या उभ्या तुम्हाला उकरून काढावंसं वाटलं.

आणि मग ती म्हणाली, "पप्पांना तर माहीतच नव्हतं मी कुठे आहे. तुमचं तिसरं घर. आधी दोन मैत्रिणींकडे जाऊन आले होते. मम्मीला सांगून निघाले होते, हे शेवटचं, इथे नसली तर मुलाकडच्यांना नाही म्हणून कळवतो. तुझ्या पप्पांनी 'नाही' एवढा एक शब्द म्हटला असता ना..."

मी म्हणालो, "पप्पा घाबरले गं."

"असेल," ती म्हणाली. "साधा माणूस."

वर्षभर ती शुक्रवारी फोन करते. मुलीची शाळा, मनगट, पाऊस. मी क्रेनचं सांगतो. तिचा आवाज ऐकायला मी गुरुवारपासून जेवत नाही, हे तिला सांगत नाही. आणि परवा हा प्रश्न. मी काल घरी पप्पांना फोन लावला, म्हटलं, ती विचारतेय तुम्ही का सांगितलंत. माझे पप्पा, ज्यांना आता डोळ्याला नीट दिसत नाही, जे अजून दर शुक्रवारी तुमच्या नावाने मेणबत्ती लावतात, ते म्हणाले, "सांग तिला, म्हातारा घाबरला होता. मला चालेल." मी म्हणालो, बरं. आणि फोन ठेवला.

सव्वातीन झालेत. भोंगा होईल. हा कागद कुठे टाकायचा? वसईच्या दगडावर पोस्टमन जात नाही. घडी करून हेल्मेटच्या आतल्या पट्टीखाली ठेवतो, तिथे घामाने शाई पुसून जाईल दोन दिवसांत. त्याआधी एक लिहून टाकतो. त्या दोन गाड्यांत आपण तिघंच होतो. पप्पा म्हणाले होते, "इथे नाही ती, सर." म्हणाले होते, स्पष्ट, तुमच्या डोळ्यांत बघून, आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी खोटं बोलले होते आणि तुम्ही मान्य केलं होतं. गिअर टाकला होतात. मग सहज म्हणून मागे, माझ्याकडे बघितलंत आणि वर्गात विचारता तसं विचारलंत, "रोम, कुठे आहे ती?" तहबिह सगळं मी नंतर रचलं, सर. कलमं, दोन वर्षं, सगळं नंतर. तेव्हा माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. तुम्ही मला विचारलं होतं आणि उत्तर मला येत होतं. मी हात वर केला.